बंद पाकिटातला मुलतानी

संघप्रिया उंदिरवाडे गडचांदूरच्या एका दवाखान्यात लोकांचे कान तपासते. सिमेंट कारखान्यातले, चुनखडीच्या खाणींवरचे कामगार वर्षातून एकदा तिच्याकडे येतात. ती त्यांना जाड दाराच्या आवाजबंद खोलीत बसवते, कानांवर हेडफोन चढवते आणि काचेच्या पलीकडून एकेक बारीक सूर सोडते. सूर ऐकू आला की बोट वर करायचं. काही जण नोकरीच्या धास्तीनं आधीच बोट वर करून बसतात. ती रागावत नाही. ‘भाऊ, परीक्षा नाई हे,’ म्हणते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.

राहायला ती राजुऱ्याला, आईवडिलांजवळ. चाळिशी ओलांडली आहे. लग्न केलं नाही, आणि त्याबद्दल विचारणारे नातेवाईक आता विचारून थकले आहेत. घराच्या मागच्या बाजूला तिची एक खोली आहे, आणि गल्लीतली माणसं त्या खोलीला ‘संघूचं थेटर’ म्हणतात. आत पडदा वगैरे काही नाही. भिंतींवर आईनं शिवलेल्या गोधड्या टांगलेल्या आहेत, समोर सागवानी खोक्यांतले दोन मोठे स्पीकर आणि बाजूच्या मांडणीवर रेकॉर्डी आणि सीड्या. सगळं शास्त्रीय संगीत.

हे वेड तिला नागपूरनं लावलं. कानतपासणीचं काम शिकायला ती तिथं गेली होती. हेडफोन नीट वाजतात की नाही ते बघायला शिकवणाऱ्या सरांनी एक सीडी लावली, बासरीची. तोवर शास्त्रीय संगीत म्हणजे कोणी मोठा माणूस गेला की रेडिओवर लागतं ते, एवढीच तिची ओळख. घरी भीमगीतांच्या कॅसेटी, जयंतीला रस्त्यावर बँड. तिनं हेडफोन घातले, आणि बासरी सुरू व्हायच्या आधी कोणीतरी अगदी तिच्या खांद्याशी श्वास घेतला. तिनं दचकून मागे पाहिलं. मागे भिंत होती. श्वास बासरीवाल्याचा होता, कुठल्यातरी दूरच्या खोलीत, कधीतरी घेतलेला.

तेव्हापासून ती तशा ध्वनिमुद्रणांच्या मागे लागली. रागांची नावं ती नंतर शिकली. आधी तिला जागा ऐकू यायला लागली. हे गाणं लहान खोलीत गायलंय, तिथं सतरंजी अंथरलेली आहे. ही सतार मोठ्या दालनात वाजते आहे आणि वाजवणारा भिंतीपासून लांब बसला आहे. तानपुऱ्याच्या चार तारा वेगवेगळ्या कळाव्यात, तबल्याच्या डग्ग्यावर तळहात घासतो तेही कळावं, आणि त्यातलं काहीच मुद्दाम केल्यासारखं वाटू नये, अशी रेकॉर्ड सापडली की तिचा आठवडा चांगला जातो. मोबाईलवर संग्राहकांचा एक गट आहे. तिथं पुण्याकडचे, कलकत्त्याकडचे लोक तिच्याशी वाद घालतात, की गाणं मोठं असेल तर खरखर असली म्हणून काय झालं. ती म्हणते, काही झालं नाही, तुम्ही ते ऐका, मी हे ऐकते. आणि वाद तिथंच संपतो.

राजुऱ्यात रेकॉर्डी सांभाळणं सोपं नाही. कोळशाची धूळ दार बंद असलं तरी आत येते. रस्त्यानं भरलेला ट्रक गेला की सुई थरथरते. त्यावर उपाय म्हणून तिनं जाड काळ्या फरशीचा तुकडा आणला, खाली रबर घातलं आणि त्यावर प्लेअर ठेवला. दर रविवारी सकाळी ती रेकॉर्डी धुते आणि ताटं वाळत घालावीत तशा उभ्या करून सुकवते. आई सीताबाई सुरुवातीला म्हणायची की लोकांच्या घरी भांडी धुतात, आपल्या घरी गाणी धुतात. आता तीच पांढरं मऊ फडकं वेगळं काढून ठेवते.

या सगळ्यात एक माणूस मात्र कधीच त्या खोलीत येत नसे. तिचे वडील, सोमाजी.

सोमाजींची सगळी नोकरी कोळशाच्या भूमिगत खाणीत गेली. दगडाला भोक पाडणारं यंत्र वर्षानुवर्षं हातात. त्या काळी कानात बोळे घालायला कोणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं, असं ते स्वतःच म्हणतात. निवृत्त झाले तेव्हा कान पुरते गेलेले नव्हते, अर्धे गेले होते. बारीक आवाज गेले, जाड राहिले. मालगाडी लांबून येत असली तर ती घरात सगळ्यांच्या आधी त्यांना कळे. पण बोलण्यातले स, त, फ असे बारीक आवाज त्यांच्यापर्यंत पोचत नसत. ‘ताट’ मागितलं तर पाट आणून देत, आणि मग सगळे हसले की त्यांनाही हसावं लागे.

पूर्वी ते विहारातल्या गाणाऱ्या मंडळींमध्ये ढोलकी वाजवायचे. एका कार्यक्रमात बाकीचे थांबले तरी हे वाजवतच राहिले. त्यानंतर ते गेले नाहीत.

मुलगी याच कामातली, तेव्हा कानात घालायचं यंत्र तिनं स्वतः बसवून दिलं, कितीतरी वेळा जुळवून दिलं. ते चष्म्याच्या डबीत पडून राहिलं. त्यांचं म्हणणं असं की त्यात भांडी पडल्यासारखी वाजतात आणि माणसं होती तेवढीच कळतात. संघप्रियाला हे माहीत होतं. तिच्याकडे येणारे निम्मे लोक हेच सांगतात. तरी घरात ते ऐकताना तिला वाईट वाटायचं. मोठ्यानं ओरडून सांगायचं म्हटलं की माणूस कामाचं तेवढंच सांगतो. शेजारणीची गंमत, भाजीत काय जास्त झालं, असल्या लहान गोष्टी ओरडून सांगितल्या की त्यांच्यात काही उरत नाही. सीताबाईनं त्या सांगणं सोडून दिलं होतं. सोमाजी दिवसभर ओसरीवर बसत, शांत. चिडचिड नव्हती त्यांची. फक्त ते लांब गेल्यासारखे झाले होते.

एका रविवारी संघप्रियानं ध्रुपदाची रेकॉर्ड लावली होती. गायकाच्या साथीला पखवाज. दार उघडं राहिलं होतं. सोमाजी माठातलं पाणी घ्यायला आले आणि पेला हातात घेऊन तिथंच उभे राहिले. मग दारातून डोकं आत घालून त्यांनी विचारलं, कोण ठोकून राहिलं? गाणं त्यांना ऐकूच येत नव्हतं. पखवाजाच्या कणीक लावलेल्या डाव्या पुडीचा घुमारा तेवढा पोचला होता. थोडा वेळ ते ऐकत राहिले आणि परत ओसरीवर गेले.

त्या दिवशी संघप्रियाच्या डोक्यात बीन आली. बीन म्हणजे रुद्रवीणा, दोन मोठ्या भोपळ्यांची. सगळ्या तंतुवाद्यांत तिचा आवाज खालचा. वाजवणारा पहिला बराच वेळ खर्जातच असतो, आणि खर्ज तर बाबांना शाबूत होता. तिच्याकडे बीनेची एक सीडी होती, जुन्या रेडिओच्या मुद्रणावरून उतरवलेली. तिनं बाबांना बोलावून ती ऐकवली. ते भिडेखातर बसले, आणि मग म्हणाले की माशी गुणगुणल्यासारखं काहीतरी वाटते. चूक त्यांची नव्हती. त्या मुद्रणात खालचा आवाज कापूनच टाकलेला होता. उरलं होतं ते टिनाच्या डब्यातून आल्यासारखं, आणि तेवढंच नेमकं त्यांना ऐकू येत नव्हतं.

मग तिनं शोध सुरू केला. गटातल्या जाणत्यांनी एकाच रेकॉर्डचं नाव पुन्हा पुन्हा घेतलं. एका बीनकारानं रिकाम्या दालनात बसून वाजवलेला मुलतानी, माईक भोपळ्यापासून हातभर अंतरावर, मागून काहीही फेरफार नाही. थोड्याच प्रती निघाल्या होत्या आणि आता मिळत नव्हत्या. संघप्रियानं बरेच महिने विचारणा केली. आणि मग एका सकाळी गटात एक फोटो आला: काचेच्या कपाटात उभी असलेली तीच रेकॉर्ड, कारखान्यातून आली तशी, प्लास्टिकच्या पाकिटात बंद. फोटो टाकणारा होता दिनेश उसेंडी, मुक्काम धानोरा.

तिला हसूच आलं. ती कलकत्त्यात शोधत होती आणि रेकॉर्ड गडचिरोलीच्या जंगलात निघाली.

दिनेश धानोऱ्याच्या एका शाळेत भूगोल शिकवतो. फोनवर त्यानं अदबीनं सांगितलं की विकायची नाही, पण ताई, पाहायला या. ती शनिवारी एसटीनं निघाली, चंद्रपूर, मूल, गडचिरोली असं करत दुपारी पोचली. घर नीटनेटकं, अंगणात मोहाची फुलं वाळवायची रिकामी चटई गुंडाळून ठेवलेली. दिनेशची बायको मोनाली हिनं हातपाय धुवायला पाणी दिलं आणि जेवायला बसवलं. जेवण झाल्यावर दिनेशनं कपाट उघडलं.

रेकॉर्डी पुष्कळ होत्या, आणि एकूण एक बंद. दिनेशला वेष्टनांचं वेड होतं. त्यावरची वाद्यांची छायाचित्रं, मागचा मजकूर, कोपऱ्यातला क्रमांक. तो एकेक बाहेर काढून दाखवत होता आणि पुन्हा तितक्याच हलक्या हातानं ठेवत होता. संघप्रियानं विचारलं, मग ऐकता कशावर? तो ओशाळून म्हणाला की मोबाईलवर. प्लेअर होता, पण त्याची सुई मोडली आणि नवी आणणं राहूनच गेलं. शिवाय सुई फिरली की रेकॉर्ड थोडी का होईना झिजतेच. लहानपणी गावात त्याची आजी बियाण्याचं धान बांबूच्या ढोलीत भरून, वरून शेणानं लिंपून ठेवायची. घरात उपास घडला तरी ती ढोली फोडायची नाही. तसंच आहे हे, तो म्हणाला.

संघप्रियानं मग बाबांची गोष्ट सांगितली. भोक पाडणारं यंत्र, गेलेले बारीक आवाज, पखवाज, टिनाच्या डब्यातली बीन. तिनं मागितलं काहीच नाही. दिनेश खाली मान घालून ऐकत होता. मोनाली सुपारी कातरत बसली होती. ती अडकित्ता खाली ठेवून म्हणाली, “आजीनं बियाणं पेरलंच नाई का कधी?”

दिनेशनं कपाट लावून घेतलं. संघप्रिया रिकाम्या हातानं परतली, पण बसमध्ये तिला का कोण जाणे, बरं वाटत होतं.

दिवाळीच्या सुटीत त्याचा फोन आला. तो म्हणाला की रेकॉर्ड पाठवणार नाही, स्वतः घेऊन येतो. तो आणि मोनाली दोघं आले. रेकॉर्ड घोंगडीत गुंडाळून त्यानं सबंध प्रवासात मांडीवर धरली होती. दारात सोमाजींनी ‘जय भीम’ केला, त्यानं आपल्या गोंडी रीतीनं ‘जय सेवा, काकाजी’ म्हणून पाया पडायला वाकल्यासारखं केलं, आणि सोमाजींनी त्याला मध्येच धरून उभं केलं.

चहा झाला आणि सगळे मागच्या खोलीत जमले. प्लास्टिक फोडायची वेळ आली तशी दिनेशनं नुसती कड चाचपली. त्यानं रेकॉर्ड सोमाजींपुढे धरली. सोमाजींनी ती उलटसुलट करून पाहिली, अंगठ्याचं नख कडेला लावलं आणि एका ओढीत प्लास्टिक काढून टाकलं. मोनालीनं ते उचलून घडी घालून पिशवीत ठेवलं.

संघप्रियानं रेकॉर्ड बाहेर काढली, डोळ्यांच्या रेषेत आडवी धरली आणि फिरवून पुन्हा पाहिली. रेकॉर्ड वाकली होती. बशीसारखी, अगदी थोडी, पण वाकली होती. वर्षानुवर्षं ते घट्ट प्लास्टिक आवळत गेलं होतं आणि विदर्भातल्या एवढ्या उन्हाळ्यांनी आपलं काम केलं होतं. तिनं हे शक्य तितक्या हलक्या शब्दांत सांगितलं. दिनेशचा चेहरा उतरला. जिला जपायला बंद ठेवली ती बंद ठेवल्यानंच वाकली, हे त्याला समजायला क्षण लागला, आणि समजल्यावर तो खुर्चीत बसला. आपण या माणसाच्या मागे लागलो नसतो तर त्याला हे कधी कळलंही नसतं, असं संघप्रियाला वाटून गेलं.

खालच्या आवाजात चाललेलं हे बोलणं सोमाजींना कळत नव्हतं. ते चेहऱ्यांवरून अंदाज घेत होते. सीताबाईनं त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं, तशी ते उठले, रेकॉर्ड हातात घेऊन पाहिली आणि म्हणाले की पापड वाकला तर काय करतो आपण? वजन ठेवतो.

संघप्रियाला हा उपाय ठाऊक होता, करायची हिंमत होत नव्हती. आता झाली. खिडकीच्या जुन्या तावदानाच्या दोन सपाट काचा सोमाजींनीच शोधून आणल्या. रेकॉर्ड मध्ये ठेवली, वर फरशीचा दुसरा एक तुकडा, आणि सगळं गच्चीवर कोवळ्या उन्हात. फार तापू द्यायचं नव्हतं. संघप्रिया आणि दिनेश पाळीपाळीनं काचेला हात लावून बघत होते. कोमट झालं तसं उचलून सावलीत आणलं आणि वजनासकट तसंच राहू दिलं. पाहुण्यांना अर्थातच मुक्काम करावा लागला. संध्याकाळी सीताबाई आणि मोनाली यांनी मिळून वांग्याची भाजी आणि भाकरी केल्या, आणि सोमाजींनी दिनेशला वर्धा नदीच्या पुलापर्यंत फिरवून आणलं. एकाला नीट ऐकू येत नाही आणि दुसरा मुळात कमी बोलतो, म्हणून दोघांचं चांगलं जमलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी संघप्रियानं काचा उघडल्या. रेकॉर्ड पूर्ण सरळ झाली नव्हती, पण बशीपण बरंच गेलं होतं. तिनं ती पुसली, फरशीवरच्या प्लेअरवर ठेवली. सुई किंचित वरखाली होत चालू लागली, पण घसरली नाही. मुलतानी दुपारचाच राग, हे तिच्या आत्ता लक्षात आलं. सोमाजींना तिनं डाव्या स्पीकरजवळच्या खुर्चीत बसवलं होतं. यंत्र कानात नव्हतं. आज ते नकोच होतं.

आधी नुसतं दालन ऐकू आलं. रिकाम्या मोठ्या जागेची ती शांतता. मग बीनकारानं खालची तार छेडली.

सोमाजींनी मान वर केली नाही. त्यांनी उजवा हात हळूच पुढे केला आणि सागवानी खोक्यावर पालथा ठेवला. सूर निघे, लांबत जाई, वळून दुसऱ्या सुरावर टेके, आणि भोपळ्यातला घुमारा मागे राही. असं बराच वेळ चाललं. मग ते म्हणाले, स्वतःशी बोलावं तसं पण मोठ्यानं, कारण त्यांना हळू बोलताच येत नाही, “हे आयकू येऊन राह्यलं मले. पक्क्या छताचा आवाज.”

दिनेशनं संघप्रियाकडे पाहिलं. तिलाही कळलं नाही. सीताबाईला माहीत होतं. तिनं हळूच सांगितलं, की खाणीत पाळी सुरू करायच्या आधी डोक्यावरचं छत काठीनं ठोकून बघतात. पोकळ बोललं तर तिथं थांबायचं नाही. पक्कं असलं की आवाज असा भरीव येतो, आणि मग माणूस निवांत कामाला लागतो. हे ते लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तिला सांगायचे. नंतर सांगायचं राहून गेलं.

आलाप पुढे सरकला. बीनकार खर्जातून मध्यात आला, मध्यातून वर चढू लागला. संघप्रिया वडिलांकडे पाहत होती. त्यांच्या कपाळावर आठी आली. तार सप्तकातले सूर वाजत होते, स्वच्छ, रेशमाच्या धाग्यासारखे, आणि त्या सुरांत तिच्या बाबांसाठी काहीच नव्हतं. तिला वाटलं, आता हे उठतील.

“थांबला काऊन?” सोमाजींनी विचारलं.

ती त्यांच्या कानाशी वाकली. “थांबला नाई, बाबा. वर गेला.”

“वर गेला का?” त्यांनी मान हलवली. “मंग येईन खाली. बसतो मी.”

आणि ते बसले. हात खोक्यावर तसाच. खोलीतल्या इतरांना वरचे सूर ऐकू येत होते आणि ते मात्र शांतपणे वाट पाहत होते, बस यायची आहे हे पक्कं ठाऊक असलेल्या माणसासारखे. कधीतरी बीनकार उतरू लागला. एकेक पायरी, कुठंही घाई न करता. खालच्या तारेवर तो टेकला आणि सोमाजींचा चेहरा उजळला. ‘आला,’ ते म्हणाले. मोनालीनं पदरानं डोळे पुसले. दिनेश खिडकीबाहेर पाहत बसला होता, पण त्याचा एक पाय न कळत हलत होता.

एक बाजू संपली तशी सोमाजींनी विचारलं, दुसरीकडून पण आहे ना? होती.

धानोऱ्याला परतल्यावर दिनेशनं सगळ्यात आधी सुई मागवली. मग त्यानं कपाटातल्या रेकॉर्डी एकेक करून सोडवायला घेतल्या. काही वाकलेल्या निघाल्या, बहुतेक ठीक होत्या. प्रत्येक रेकॉर्ड ऐकली की तो संघप्रियाला फोन करतो आणि विचारतो की ताई, मागे चिमणी बोलते ती खरीच आहे की मलेच वाटते? कधी खरी असते. मुलतानी त्यानं राजुऱ्यातच ठेवली. वेष्टन मात्र घेऊन गेला, आणि ते कपाटात पूर्वीच्याच जागी उभं आहे.

सोमाजी आता रविवारी खोलीत येतात. सगळंच त्यांना चालत नाही. बासरी लावली की उठून जातात, राग न धरता. सरोद अर्धा मिळतो. पखवाज आणि बीन पूर्ण मिळते, आणि ते दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा मागतात. विहारात मात्र ते परत वाजवायला गेले नाहीत. संघप्रियानं एकदा विषय काढला, त्यांनी हात हलवून नको म्हटलं, आणि तिनं पुन्हा काढला नाही. पण त्या खोलीत बसल्यावर ते खाणीतलं काही काही सांगतात, आणि सीताबाई दारात बसून आपलं काही सांगते, त्यांच्या कानाशी, लहानसहान.

यंदा मोहाची फुलं पडायला लागली तेव्हा दिनेशनं तिघांनाही धानोऱ्याला बोलावलं. अंगणातल्या चटईवर फुलं वाळत होती आणि घरभर त्यांचा गोडसर वास भरला होता. जेवणानंतर दिनेशनं सरोदाची एक रेकॉर्ड लावली, ताजी सोडवलेली, आणि मुद्दाम काकाजींना स्पीकरजवळ बसवलं. सोमाजींनी खोक्यावर हात ठेवला, थोडं ऐकलं, थोडं हुकलं, आणि पंख्याच्या वाऱ्यात खुर्चीतच त्यांचा डोळा लागला. हात खोक्यावरच राहिला. दिनेश आवाज कमी करायला उठला, तर संघप्रियानं त्याला खुणेनंच थांबवलं. मोनाली आणि सीताबाई अंगणात फुलं वरखाली करत बोलत होत्या, आणि सरोद वाजवणारा दूरच्या कुठल्यातरी खोलीत बसून तार पुन्हा सुरात आणत होता.